चावी मिळते, कागद मिळत नाही

जून-जुलै आला की पडेगावात खोल्यांचा शोध सुरू होतो. बारावीचे निकाल लागलेले असतात, विद्यापीठाच्या प्रवेशयाद्या निघू लागतात आणि कन्नड, खुलताबाद, वैजापूर, सिल्लोडपासून बीड-परभणीपर्यंतची मुले एक बॅग, एक गादी घेऊन शहरात उतरतात. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की खोली परवडते, हे प्रत्येकाला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. विद्यार्थ्यांच्या जोडीला वाळूजच्या कंपनीत पहिली नोकरी लागलेले असतात, घाटी दवाखान्यात ड्युटी करणारे असतात, कोर्टात ज्युनियरशिप करणारेही असतात. अन्सार कॉलनीपासून मिटमिट्याकडच्या नव्या वस्त्यांपर्यंत कुठे ना कुठे खोली सापडतेच. कोणाचा तरी मामू, कोणाची तरी खाला ओळखीची निघते. दोन महिन्यांचे डिपॉझिट फोनवरून पाठवले जाते आणि चावी हातात पडते.

त्या चावीसोबत काय मिळत नाही, त्याविषयी हे संपादकीय आहे.

हे शहर राज्याची राजधानी नसले तरी मराठवाड्याची राजधानी आहेच. विभागीय आयुक्तालय येथे आहे. १९५८ पासून विद्यापीठ आहे, १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. त्याआधीचा इतिहास तर राजधान्यांचाच आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची माणसे ज्या दौलताबादला आणली, तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरच पडेगाव वसले आहे. १६१० मध्ये खडकी वसवणारा आणि पुढे तिला नहरीने पाणी देणारा मलिक अंबर हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला परकाच होता. कागदावर छत्रपती संभाजीनगर झालेले आणि आपल्या घराघरांत आजही औरंगाबाद म्हटले जाणारे हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी उभे केले आहे. अशा शहरात बाहेरून आलेल्या पोराला खोली मिळणे हा उपकार नव्हे, शहराचा धंदाच तो आहे.

पण हा धंदा चालतो कसा? खोली पाहायला गेलेल्या मुलाने बिचकत विचारावे, "चाचा, अ‍ॅग्रीमेंट करायचे का?" आणि चाचांनी हसून म्हणावे, "अरे बेटा, अपनेच लोगां हैं, कागज कायकू?" वाक्य प्रेमाचे आहे आणि ते म्हणणारा बहुतेक वेळा भला माणूसच असतो. मुलालाही ते बरे वाटते, कारण इतर ठिकाणी त्याने वेगळीच वाक्ये ऐकलेली असतात.

ती वाक्ये आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा फोनवर भाडे ठरायचे, डिपॉझिट ठरायचे, खोली पाहायची वेळही ठरायची. नाव सांगितले की समोरून थोडी शांतता, आणि मग "सोसायटीची परवानगी लागते हो" किंवा "आम्ही फक्त शाकाहारींना देतो". २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना घर भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घर देताना वंश किंवा धर्म पाहण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आपल्याकडे खासगी घरमालकाला अशी बंदी करणारा केंद्रीय कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा अधिकार मान्य केला. कायदा बदलावा ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे.

मात्र ती मागणी मान्य होईपर्यंत एक दार पूर्णपणे आपल्या हातात आहे. ते आपल्याच वस्तीतल्या आपल्याच घराचे दार आहे. तिथे आपण काय करतो?

आपण कागद देत नाही. भाड्याची पावती देत नाही. आणि खोली कोणाला द्यायची याचा आपलाही एक चाळणा आहे. एकट्या मुलांना नको, कारण ते गोंधळ घालतात. एकट्या मुलीला नको, कारण मोहल्ल्यात चर्चा होईल. तलाकशुदा बाईला नको, कारण विचारूच नका. अमुक बिरादरीचा असेल तर बघू. आणि बौद्ध मुलगा विचारायला आला तर खोली "कालच गेली". ज्या वाक्याने पुण्यात आपला चेहरा उतरला, तेच वाक्य आपण पडेगावात उर्दू-मराठी मिसळून दुसऱ्याला ऐकवतो.

या बाबतीत याच रस्त्यावरचा एक प्रसंग आपण विसरता कामा नये. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आपल्या सोबत्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दाराजवळच्या हौदातले पाणी घेतले, तेव्हा हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. करणारे मुसलमान होते आणि महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच आठवणींत बडोद्याची हकिकतही आहे. परदेशातून शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या या माणसाला शहरात कोणी खोली देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरी घेतले नाही. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये याच शहरात कॉलेज सुरू केले आणि नागसेनवनात वसतिगृहेही उभी राहिली. डोक्यावर छप्पर नसेल तर पदवी हाती येत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पडेगावहून शहरात येताना छावणी ओलांडली की नागसेनवन लागते. रोज त्या बाजूने जाणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.

आता कागदाचे बोलू. कागद नसल्याने नेमके काय बिघडते?

पहिली गोष्ट पत्त्याची. मतदार यादीत नाव घालण्यासाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी जे पुरावे चालतात, त्यात भाडेकरूसाठी नोंदणीकृत भाडेकरार आहे. नोटरीने शिक्का मारलेला बॉन्ड त्या यादीत नाही. चार-पाच वर्षे पडेगावात राहूनही आपली शेकडो मुले इथल्या यादीत नसतात आणि गावाकडच्या यादीत असली तरी मतदानाला जात नाहीत. नागरिक म्हणून आपली नोंद व्हावी असे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. ती नोंद इथून सुरू होते.

दुसरी गोष्ट पैशांची. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. महाराष्ट्रात बागवान, अन्सारी, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, हे आपल्या अनेक मुलांना अर्ज भरायची मुदत गेल्यावर कळते. परगावाहून येऊन भाड्याने राहतो हे अशा योजनांत दाखवावे लागते. कागद नसेल तर काय दाखवणार?

तिसरी गोष्ट डिपॉझिटची. खोली सोडताना "रंग उडाला", "नळ गळतो", "एक महिना आधी सांगितले नाही" असे म्हणत अर्धी रक्कम कापली जाते. किती दिले होते, कशासाठी दिले होते, कधी परत करायचे ठरले होते, याची नोंद फोनमधल्या एका व्यवहारापलीकडे कुठेच नसते.

आणि चौथी गोष्ट अडचणीच्या वेळची. २०२५ च्या पावसाळ्यात पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर रुंदीकरणासाठी महापालिकेचे बुलडोझर फिरले. अशा वेळी घर पडले तर पंचनाम्यात, नोटिशीत, मोबदल्याच्या वादात मालकाचे नाव कुठेतरी येते. भाड्याने राहणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. तो तिथे राहत होता हे सांगणारा कागदच नसतो.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे, आणि बहुतेकांना तो उलटा माहीत आहे. "अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही समजूत आली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची आहे म्हणून सुटका नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक आहे, आणि कलम २९ भाडेकरूचे पाणी-वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई करते. ज्या शहरात कित्येक भागांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तिथे टाकीच्या कॉकची चावी कोणाकडे आणि टँकरचे पैसे कोण भरणार, हे करारात लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे.

पोलिसांत भाडेकरूची माहिती देणे हे वेगळे काम आहे. ते करावेच, पण ते केले म्हणजे करार नोंदवला असे होत नाही. अनेक मालक पोलीस ठाण्याची पोच दाखवून "सब कुछ कर दिया" म्हणतात. त्या पोचेत भाडे, डिपॉझिट, मुदत यांतले काहीच नसते.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेब मांडतो. समजा दोन खोल्यांचे भाडे महिना सहा हजार आणि परत मिळणारे डिपॉझिट वीस हजार आहे. अकरा महिन्यांचे भाडे होते ६६ हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचे, ते दोन हजारांच्या आत येते. या बेरजेवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. दस्त हाताळणीचे किरकोळ पैसे धरले तरी एजंटची फी सोडून हे सगळे दीड हजारांच्या आसपास बसते. तीन मुले मिळून राहत असतील तर डोईला पाचशे. नोंदणी ऑनलाइन होते. दोन्ही पक्षांचे आधार, अंगठा, फोटो आणि ओळख पटवणारे दोघे लागतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही.

मग अडते कुठे? मालकांच्या भीत्या खऱ्या आहेत, त्या हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

सर्वांत मोठी भीती पडेगावची खास आहे. इथल्या कित्येक घरांखालची जमीन गुंठेवारीची आहे. प्लॉट बॉन्डवर घेतलेला, सातबारावर नाव मूळ मालकाचे, घर मात्र बापाने पोटाला चिमटा घेऊन बांधलेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. तरी शुल्क भरून घर नियमित करून घेणे सगळ्यांना जमलेले नाही. ज्याचा स्वतःचाच कागद अर्धा आहे तो दुसऱ्याला कागद द्यायला कचरतो. सरकारी दफ्तरात घराचा उल्लेखच नको, असे त्याला वाटते. ही भीती समजून घेऊन सांगायला हवे की लिव्ह अँड लायसन्स हा राहू देण्याच्या परवानगीचा करार आहे, मालकीचा दाखला नव्हे. लपून राहिल्याने घर सुरक्षित होत नाही, हे गेल्या काही वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिले आहे. गुंठेवारीचा अर्ज आणि भाडेकरार ही दोन्ही कामे एकाच दिशेची आहेत.

दुसरी भीती: भाडेकरू बसून राहील. खरे तर याच भीतीवरचा इलाज करार आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि राहणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. तोंडी बोलीवर खोली देणारा मालक हे हत्यार स्वतःच फेकून देतो.

तिसरी भीती कराची आणि घरपट्टीची. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाड्याचे उत्पन्न हे उत्पन्नच आहे. पण दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे एकूण उत्पन्न आयकराच्या मर्यादेखालीच राहते. तरीही थोडा खर्च वाढणार असेल तर तो भाड्यात धरून उघडपणे सांगावा. मुले शंभर-दोनशे जास्त देतील. कागदाची किंमत त्यांना कळते.

या सगळ्यात ज्यांचे सर्वाधिक नुकसान होते त्यांच्याविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे खुलताबाद-कन्नडकडच्या कितीतरी मुली रोज येऊन-जाऊन शिकू लागल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालते, लायब्ररी रात्री उघडी असते, परीक्षेच्या दिवसांत सकाळची गाडी चुकली की पेपर जातो. तिसऱ्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला आलेल्या मुलीला शहरात राहायलाच लागते. वसतिगृहात नंबर लागला नाही तर घरचे विचारतात, खोली कोणाकडे? कुठे लिहिलेले आहे? मालक कसा आहे? आणि उत्तर "ओळखीचे आहेत" एवढेच असेल तर बाप म्हणतो, राहू दे, परत ये. मुलगी हुशार नव्हती म्हणून तिचे शिक्षण थांबत नाही. आपल्या वस्तीने तिला बापाला दाखवता येईल असा एक कागद दिला नाही, म्हणून थांबते. मुलींच्या शिक्षणावर आपण जलसे भरवतो, बक्षिसे वाटतो. त्याच जलशाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या किती घरमालकांनी एकट्या शिकणाऱ्या मुलीला लेखी कराराने खोली दिली, हे कधीतरी विचारून पाहावे.

आपल्या दीनाचा आधार हवा असेल तर तोही इथेच आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोज्यावर नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आणि त्याला साक्षीदार ठेवण्यावर आहे. तेव्हा "अपनेच लोगां हैं" म्हणून कागद टाळणे ही आपुलकी असेल, पण ती आपली शिकवण नाही. डिपॉझिट ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब तोंडी ठेवायचा नसतो.

म्हणून आपल्या वाचकांकडे काही ठोस मागणे आहे. यंदा खोली घेणाऱ्यांनी चावीआधी कराराची गोष्ट काढावी. दीड हजार मालक देत नसेल तर अर्धे आपण देऊ म्हणावे. भाडे फोनवरूनच द्यावे आणि प्रत्येक वेळी महिना लिहावा. खोलीत शिरण्याच्या दिवशी भिंती, नळ, मीटरचे फोटो काढून मालकालाच पाठवावेत. घरी खोली भाड्याने असलेल्या मुलामुलींनी वडिलांशी बोलावे, फॉर्म स्वतः भरून द्यावा. आपल्यात कॉम्प्युटर शिकलेली मुले कमी नाहीत. अर्ध्या दिवसाच्या या कामाला एजंट कशाला लागतो? मशिदींच्या कमिट्यांनी जुम्म्याला चंद्याच्या घोषणेसोबत ही एक घोषणा करावी. वस्तीतल्या तरुणांच्या गटाने जुलैतला एक रविवार ठरवून, लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन बसावे आणि ज्याला हवा त्याचा करार करून द्यावा. आणि खोली विचारायला आलेल्याचे नाव, बिरादरी, धर्म न विचारता फक्त भाडे आणि नियम सांगायचे, एवढे प्रत्येक घरमालकाने ठरवावे.

यातले काहीही सरकारच्या परवानगीसाठी अडलेले नाही. उद्या भेदभावाविरुद्धचा कायदा मागायला आपण उभे राहू तेव्हा समोरचा पहिला प्रश्न विचारेल, तुमच्या वस्तीत काय चालते? त्या दिवशी आपल्याकडे उत्तर असावे.

पडेगावात एक वस्ती अन्सारांच्या नावाची आहे. मक्का सोडून आलेल्या मुहाजिरांना ज्या मदिनावाल्यांनी आपल्या घरात जागा दिली, ते अन्सार. या जूनमध्येही कोणीतरी बॅग आणि गादी घेऊन त्या वस्तीत खोली विचारत फिरेल. त्याला खोली द्या. सोबत कागदही द्या.